भाऊसाहेबांच्या चिठ्ठ्या आणि माझा पाटा

रोह्याजवळ अष्टमी गावात खोली मिळाली तेव्हा खाली कोण राहतं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी आम्ही गेलोच असतो. त्याआधी आम्ही जित्याजवळच्या गावात दिरांच्या घरी होतो, आणि तिथे माझा संसार म्हणजे भाताच्या पोत्यांमागची जागा. पोती विकली गेली की माझा संसार पसरायचा, नवं भात आलं की आक्रसायचा. हे रोज गाडीने रोह्याला जाऊन तिथून सायकलने कंपनीत जायचे. गाडी चुकली की शिफ्ट चुकायची.

अष्टमीची खोली वरच्या मजल्यावर होती. पुढे हातभर गॅलरी, मागे मोरी, आणि खिडकीतून कुंडलिकेचा पूल दिसायचा. पण मला त्या खोलीतलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर दाराची कडी. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि आतून कडी लावायचं दार मला पहिल्यांदाच मिळालं होतं. पहिल्या दिवशी मी ती तीन-चार वेळा लावली आणि काढली. सासूबाई म्हणाल्या, "काय गो, तुझ्या बापानं पाठवलेली हाय काय ती कडी?"

बापाने पाठवली नव्हती, पण तसंच काहीसं होतं. घराचे मालक पेणचे, माझ्या माहेरच्या आळीतले. पोह्यांचे व्यापारी. सगळे त्यांना शेठ म्हणायचे. माहेरची ओळख म्हणून त्यांनी खोली दिली होती. देताना एकच गोष्ट सांगितली, "खालच्यांची तक्रार येऊ देऊ नका. माणूस सरळ आहे, पण कचेरीतला आहे." सरळ आणि कचेरीतला यात 'पण' का आला, ते तेव्हा कळलं नाही.

खाली राहायचे ते तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. नोकरीत असताना त्यांच्या टेबलावरून अख्ख्या तालुक्याचे कागद जायचे. निवृत्त झाल्यावर तालुका गेला आणि टेबल राहिलं. त्या टेबलावर आता आम्ही आलो.

आम्ही आलो त्याच्या चौथ्या दिवशी पहिली चिठ्ठी आली. गॅलरीतून दोरीला बांधलेली एक टोपली मी खाली सोडायची. भाजीवाली, मासळी विकणारी मावरंवाली जे काही टाकेल ते वर ओढून घ्यायची. जिना मागच्या बाजूला होता आणि मला खाली जाऊन चारचौघांत भाव करायची लाज वाटायची, म्हणून ही सोय. त्या दिवशी दोरीला हिसका बसला. मी टोपली ओढली तर मेथीच्या जुडीवर घडी घातलेला कागद. मी बोट ठेवून ठेवून वाचला.

"प्रति, वरच्या मजल्यावरील रहिवासी. विषय : दुपारी दोन वाजून दहा मिनिटे ते दोन वाजून पस्तीस मिनिटे या वेळेत जड वस्तू आपटल्याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर प्रकार तात्काळ बंद करण्यात यावा. सक्त ताकीद देण्यात येत आहे." वर डाव्या कोपऱ्यात 'जावक क्रमांक १', खाली सही, आणि सहीच्या खाली, "प्रत माहितीसाठी : घरमालक, पेण."

संध्याकाळी ह्यांनी मला उपरोक्त म्हणजे काय आणि सदर म्हणजे काय ते समजावलं. मग म्हणाले, "पाटा जरा हळू आपटत जा."

पाटा हाच माझा गुन्हा होता. मी पेणची. आमच्याकडे उन्हाळ्यात पोह्यांचे पापड करत नाही अशी बाई नाही. आणि पोह्यांच्या पापडाचं सगळं काम कुटण्यात असतं. पीठ भिजवायचं, पाट्यावर घ्यायचं, तेलाचा हात लावायचा आणि कुटायचं. ते रबरासारखं ताणलं जाईपर्यंत कुटायचं. कमी कुटलं की पापड दगड होतो. माझी आई म्हणायची, पापड हलका पाहिजे तर हात जड पाहिजे. हळू कुटलेला पापड मी आजवर पाहिलेला नाही.

तरी मी पाट्याखाली गोधडी घातली. दुसरी चिठ्ठी आली. गोधडीखाली पोतं घातलं. तिसरी आली. पोत्याखाली जुनी सतरंजी घातली तेव्हा पाटा इतका उंच झाला की मला पाटावर बसून कुटावं लागलं, आणि चौथ्या चिठ्ठीत लिहून आलं की आवाजाचे स्वरूप बदलले असून तो आता 'धप्प' ऐवजी 'धुप्प' असा येत आहे, सबब तक्रार कायम आहे.

मग पापड बंद केले. मला वाटलं, आता चिठ्ठ्याही बंद होतील. पण कुटणं थांबल्यावर भाऊसाहेबांना बाकीचे आवाज नीट ऐकू यायला लागले. मुलीचे पैंजण. मी ते काढून डब्यात ठेवले. मोरीतली बादली. मी ती उचलून ठेवायला लागले. सासूबाईंचा खोकला. त्याबद्दल लिहिलं होतं की, वयोवृद्ध व्यक्तीच्या खोकल्याबाबत या कार्यालयाची हरकत नाही, तथापि खोकताना तोंड रस्त्याच्या दिशेने ठेवण्यात यावे. सासूबाईंना मी ते वाचून दाखवलं. त्या उठून गॅलरीत गेल्या आणि खाली वाकून, अगदी मनापासून, रस्त्याच्या दिशेने खोकल्या.

कार्यालय म्हणजे त्यांची पुढची खोली. तिथे खुर्ची, टेबल, भिंतीला कॅलेंडर, आणि कोपऱ्यात जाळी काढायची लांब काठी होती. चिठ्ठी लिहायला वेळ नसेल तेव्हा ते त्या काठीने छत ठोकायचे. एकदा ठोकताना गिलाव्याचा तुकडा त्यांच्याच चहात पडला. त्याचीही चिठ्ठी आली, जावक क्रमांक एकवीस की बावीस, विषय : छताचे नुकसान.

सगळ्यात वाईट झालं ते जोडव्यांचं. "पायातील धातूच्या वस्तूंचा फरशीवर होणारा आवाज बंद करण्यात यावा."

सासूबाई भडकल्या. "जोडवी काढायची? माझा लेक जिता हाय! त्या कारकुनाला म्हणावं, तुझ्या बायकोची काढ आधी!"

हे म्हणाले, "आई, त्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे ऐकू. लिहू दे अजून एक कागद. वाण्याकडं पुड्या बांधायला देऊ."

जोडवी काढणं शक्य नव्हतं आणि खोली सोडणंही शक्य नव्हतं. मी जुन्या साडीची काठाची चिंधी काढून जोडव्यांना गुंडाळली. एवढी वर्षं देवळातही कधी चालले नसेन इतक्या हळू मी त्या घरात चालायला लागले. फोडणी द्यायची तर मोहरी तडतडायच्या आधी झाकण ठेवायची. हे कंपनीतून आले की बूट खालीच काढून हातात घेऊन जिना चढायचे. आमच्या घरी बाहेरचं कुणी आलं असतं तर त्याला वाटलं असतं, घरात कुणीतरी फार आजारी आहे.

चिठ्ठ्या येतच राहिल्या.

खालच्या काकी, म्हणजे भाऊसाहेबांची बायको, मला दिसायच्या त्या मागच्या नळावर. नळावर त्या कळशीसुद्धा कडेने पाणी घालून भरायच्या, म्हणजे आवाज होत नाही. इतकी हळू भरणारी कळशी मी पहिल्यांदाच पाहिली. मी काही बोलायची नाही, त्याही बोलायच्या नाहीत. मला वाटायचं, त्याही आमच्यावर रागावल्यात.

एकदा मात्र कळशी उचलताना त्या अगदी हळू म्हणाल्या, "पापड बंद केलेस काय गो?"

मी मान हलवली.

"वास यायचा हिंगाचा खाली. बरा वाटायचा." आणि गेल्या.

त्यांचं बोलणं खारेपाटातलं होतं. माहेर धरमतरच्या खाडीकडचं, हे मला मागाहून कळलं. भाऊसाहेबांसमोर त्या बोलायच्या ते वेगळं, पुस्तकातल्यासारखं, आणि तेही दोन शब्द. 'हो' आणि 'आणते'.

तिसऱ्या वर्षी वैशाखात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. आठ दिवस माहेरी जायचं होतं. ह्यांनी रजा घेतली. गॅलरीत तुळशीची कुंडी होती, तिला पाणी कोण घालणार? मी नळावर काकींना विचारलं. विचारायला मला दोन दिवस लागले. त्या चटकन म्हणाल्या, "दे चावी. ह्यांना काय सांगू नकोस. तुळशीच्या पाण्याचा पण आवाज येतो ह्यांना."

पहाटेची गाडी होती. जोडवी चिंधीत, ह्यांचे बूट हातात, मुलगी खांद्यावर झोपलेली, सासूबाई तोंडाला पदर लावून. आम्ही चौघं जिना उतरलो आणि भाऊसाहेबांच्या खिडकीखालून गेलो, पण आत काही हललं नाही. मला त्या वेळी फार बरं वाटलं. इतकी शिस्त आपल्याला लागली, असं वाटलं. पुढे त्या शिस्तीनेच गोंधळ केला.

लग्न चांगलं झालं. शेठ आमच्याच आळीतले, तेव्हा ते होतेच. पंगतीत ह्यांच्या शेजारी बसले होते. मी जिलबी वाढायला आले तर म्हणाले, "काय, खालचे बरे आहेत ना?" मी तोंड खाली घालून अजून एक जिलबी वाढली. लग्न, मग हळद उतरवणं, मग सत्यनारायण, असे आठ दिवस गेले.

परत आलो तो दिवस मला अजून आठवतो. काकींनी नळाजवळ गुपचूप चावी दिली आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या. मी वर येऊन दार उघडलं, आणि आधी हिंगाचा वास आला.

मी पाटा भिंतीला लावून गेले होते. तो आता खोलीच्या मधोमध होता. त्याच्याखालची सतरंजी, पोतं, गोधडी, सगळं काढून नीट घडी घालून कोपऱ्यात ठेवलं होतं. पाटा उघड्या फरशीवर होता आणि तेलाने चकचकत होता. वाटीखाली दोन लाट्या झाकून ठेवल्या होत्या. पापडाच्या पिठाची लाटी तेलात बुडवून खायची, हे आमच्याकडे कुटणाऱ्या बाईचं मानाचं खाणं. दोन होत्या म्हणजे एक माझी. आणि कणगीवर सुपात ओळीने मांडलेले पापड, पोह्यांचे, इतके पातळ की सुपाच्या काड्या दिसत होत्या.

गॅलरीत टोपली वर ओढलेली होती. टोपलीत तीन चिठ्ठ्या. आम्ही पेणला असताना लिहिलेल्या. "गेले चार दिवस सातत्याने व यापूर्वी कधीही झाला नव्हता इतका आवाज होत आहे..."

ह्यांनी त्या वाचल्या आणि माझ्याकडे बघितलं. सासूबाई सुपाजवळ उभ्या होत्या. त्यांनी एक पापड उचलला, उजेडाकडे धरला, आणि म्हणाल्या, "हात बरा हाय हो. पण मिरी कमी."

दुसऱ्या दिवशी दुपारी काकी मागच्या जिन्याने वर आल्या. भाऊसाहेबांना त्या दुपारी देवळात पोथीला जाते असं सांगत. त्यांनी आत येऊन कडी लावली आणि ती लागल्याचा आवाज ऐकून मला हसूच आलं, मी लावायचे तशीच त्यांनी लावली होती. मग त्या बोलायला लागल्या, आणि तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. मोठा, खाडीकडचा, एका होडीतून दुसऱ्या होडीत हाक मारायचा आवाज.

"एकतीस वरसं झाली गो मना, मी पापड कुटला नाय! लग्नाच्या पहिल्या वर्षी कुटला तं हे म्हणाले, डोकं दुखतं. तवापासून इकतचे पापड. इकतचे! आमच्या घरात पाच जावा मिळून कुटायच्या, खाडीपलीकडं आवाज जायचा. तुझी चावी हातात आली न् माझं मनच सुटलं. पहिल्या दिवशी तुळशीला पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी पाटा बघितला. त्याच्याखाली तुझ्या त्या गोधड्या बघितल्या न् मना रडाच आलं. एवढ्या गोधड्या बाळंतिणीला पण नाय घालत."

"आणि टोपली?" मी विचारलं.

"हे खालून हिसका मारायचे. मी वरून वढायची, न् मागाहून परत सोडायची." त्या हसल्या. "काय करू? नाय वढली तं त्यांना कळलं असतं वर कोन नाय. दोनदा तं मी कागद वाचून परत कुटायला बसले."

मग त्यांचं हसू थांबलं. भाऊसाहेबांनी शेठना अर्ज पाठवला होता. रजिस्टर पोस्टाने. सोबत परिशिष्ट जोडलं होतं, तारीख, वेळ आणि आवाजाचा प्रकार, सगळं. शेठ रविवारी येणार होते. आमच्या खोलीच्या कराराचे अकरा महिने पुढच्या महिन्यात संपत होते, आणि शेठनी भाऊसाहेबांना शब्द दिला होता की नुसती चिठ्ठीची प्रत नाही, रीतसर अर्ज आला तर ते पुढे करार करणार नाहीत.

"तू सांग खरं," काकी म्हणाल्या. "चावी माझ्याकडं होती सांग. खोली तुझी जायला नको."

"मग तुमचं काय होईल?"

"होयाचं काय? मारत नाय ते. हात नाय लावला कधी." त्यांनी पाट्यावरून हात फिरवला. "एकदा पातेला पडला माझ्या हातून. दोन महिने बोलले नाय. सगळं चिठ्ठीवर. भाजीत मीठ कमी, ती पन चिठ्ठी. ह्या वेळी दोन महिन्यांत भागायचा नाय."

मी काही कबूल केलं नाही आणि नाकारलंही नाही. शनिवारभर मी ती कडी बघत होते. डोळ्यांपुढे भाताची पोती यायची. मग नळावरची ती हळू हळू भरणारी कळशी यायची. मी मोठ्या मनाची बाई नाही. मला खोली पाहिजे होती. पण खोली राखायला पुढच्या खोलीत जाऊन, चार माणसांत, खालच्या बाईचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि माझ्याने तर मावरंवालीला दोन बोंबील जास्त मागवत नव्हते.

रविवारी शेठ आले. भाऊसाहेबांनी टेबल पुसून ठेवलं होतं. शेठना खुर्ची दिली. ह्यांना स्टूल. सासूबाई खाली बसल्या. मी दारामागे. काकी आत चहा करत होत्या आणि कपांचा आवाज होत नव्हता.

भाऊसाहेब उभे राहून वाचायला लागले. अर्जात आमचं नाव कुठेच नव्हतं, सगळीकडे 'सदर रहिवासी' होतो. आम्ही आल्यापासूनचे सगळे आवाज त्यात होते. बादली, खोकला, जोडवी. मला वाटलं, आपल्या संसाराचा एवढा हिशेब आपल्या आईनेसुद्धा ठेवला नसता. शेवटी ते परिशिष्टावर आले आणि त्यांचा आवाज चढला. "आणि या आठ दिवसांत तर कळस झाला! रोज दुपारी दोन ते चार. अखंड कुटणे. शिवाय गाणे!"

"गाणे?" शेठ म्हणाले.

"स्त्रीच्या आवाजात. खाडीकडील."

शेठनी कागद हातात घेतला. तारखांवरून बोट फिरवलं. मग चष्मा काढला. "भाऊसाहेब, ह्या तारखांना ही माणसं पेणला होती."

"अशक्य. नोंद आहे."

"नोंद असेल. पण मी ह्यांच्या शेजारी पंगतीत बसलो होतो. ह्या बाईंनी मला जिलबी वाढली. तीन. चौघंही तिथेच होते आठ दिवस, अख्ख्या आळीनं बघितलंय. वर कुलूप होतं."

"कुलूप कसं असेल?" भाऊसाहेब म्हणाले. "मी टोपलीत पत्र टाकलं, दोरी ओढली, आणि टोपली..." ते थांबले. "टोपली वर गेली."

शेठनी चष्मा परत लावला.

"माझ्या डोळ्यांदेखत गेली," ते म्हणाले. आता तो आवाज कचेरीतला नव्हता. "तीनदा गेली."

"कुलूप असलेल्या घरात?" शेठ म्हणाले.

सगळ्यांनी वर बघितलं. छताला काठीने पडलेल्या खोकांशिवाय काही नव्हतं. तेवढ्यात काकी चहा घेऊन आल्या, आणि ट्रेमधले कप एकमेकांवर खणखण वाजायला लागले. त्या घरात मी ऐकलेला भांड्यांचा तो पहिला आवाज. काकींनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं असतं तर काय बोलले असते, ते मला आजही माहीत नाही. कारण माझ्याआधी सासूबाई बोलल्या. भिंतीला टेकून, पान जुळवता जुळवता, जसं काही पाऊस येईल असं वाटतंय म्हणावं तसं म्हणाल्या,

"जागेवाला असंल."

"कोण?" भाऊसाहेब म्हणाले.

"जागेचा राखणदार. दुसरा कोन? घर बांधल्यावर नारळ दिलाय का कधी त्याला? नाय ना? मग आपटंल नाय तं काय करंल. आमच्या गावाला तं पाटे फेकतो."

शेठचा चेहरा उतरला. ते हळूच म्हणाले, "वास्तुशांत केली होती. पण जागेवाल्याचा नारळ... राहिला खरा." आमच्याकडे माणूस कितीही शिकलेला असो, व्यापारी असो, जागेवाल्याचा नारळ राहिला म्हटलं की तो आधी मनात बोटं मोजतो. भाऊसाहेबांनी आयुष्यभर कुणाचा कागद राहिला, कुणाची सही राहिली, हेच बघितलं होतं. काहीतरी द्यायचं राहिलंय, हे त्यांना सगळ्यांत आधी पटलं असावं.

"मी अशा गोष्टी मानत नाही," ते म्हणाले. आणि पुढ्यातला अर्ज उचलून, घडी घालून, टेबलाच्या खणात ठेवला. खण बंद करतानाही हळूच केला.

शेठनी जाताना ह्यांना सांगितलं, करार पुढे चालू. वर इतकी शांत माणसं परत मिळायची नाहीत, आणि त्या जागेत राहायला आता दुसरं कोण तयार होणार?

सासूबाईंना खरं ठाऊक होतं का? मी विचारलं नाही. मिरी कमी आहे म्हणाल्या होत्या, तेव्हा पापड जागेवाल्याने केले असं त्यांना वाटत नसणार. पण अवसेला त्यांनी मला गॅलरीच्या कोपऱ्यात पणती लावायला लावली, आणि हात जोडले ते खरे जोडले.

त्याच अवसेला सकाळी दोरीला हिसका बसला. हळू. इतका हळू हिसका मी त्या टोपलीला कधी बसलेला बघितला नव्हता. वर ओढली तर सोललेला नारळ, उदबत्तीचा पुडा, आणि घडी घातलेला कागद. जावक क्रमांक १. नवी फाईल उघडली होती.

दुपारी काकी आल्यावर आम्ही तो दोघींनी मिळून वाचला.

"प्रति, माननीय जागेवाले, वरचा मजला. विषय : दुपारच्या वेळेबाबत नम्र विनंती. महोदय, आपण या वास्तूचे सर्वांत ज्येष्ठ रहिवासी आहात, याची जाणीव या कार्यालयास उशिरा झाली, त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येते. आपल्या कामात अडथळा आणण्याचा कोणताही हेतू नाही. तथापि, माझी प्रकृती बरी नसल्याने दुपारी दोन ते चार विश्रांती घ्यावी लागते. आपणांस गैरसोयीचे नसल्यास, कृपया आपले कुटणे चार वाजल्यानंतर करण्याची कृपा व्हावी. सोबत : नारळ एक. कळावे, लोभ असावा."

काकी हसून हसून पाट्यावर आडव्या झाल्या. मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला तर माझ्या हाताला चावल्या. खालून काठीचा आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी टोपलीत दोन नारळ होते.

मीही हसले होते. पण मग तो कागद मी परत एकदा एकटीने वाचला. तीन वर्षांत आम्हाला बेचाळीस कागद आले होते आणि त्यांत 'कृपया' कुठे नव्हतं. प्रकृती बरी नसते, हेही कुठे नव्हतं. मी काकींना विचारलं, तर म्हणाल्या, "हाय ना. डोकं उठतं त्यांचं. डोळ्यांपुढं अंधारी येते. जुनं हाय. कुनाला सांगत नाय."

"मला सांगितलं असतं तर मी सकाळी कुटलं असतं," मी म्हटलं.

"तुला कसं सांगतील? तू माणूस ना."

त्या दिवसापासून आम्ही चारला कुटायला बसायला लागलो. पूल उतरून घंटा वाजवत दूधवाला यायचा ती आमची खूण. सतरंजी, पोतं, गोधडी परत गादीखाली गेली. जोडव्यांची चिंधी सुटली. काकी पोथी लांबवून साडेपाचपर्यंत थांबायच्या, आणि दोघी मिळून कुटायचो, एक वरवंटा त्यांचा, एक माझा. नारळाच्या वड्या करायचो आणि अर्ध्या वड्या प्रसाद म्हणून खाली जायच्या. काकी सांगायच्या, भाऊसाहेब डोळे मिटून खातात.

आठवड्याने जावक क्रमांक दोन आला. जागेवाल्यांच्या नावे, विनंती मान्य केल्याबद्दल आभाराचा. वेळेचे काटेकोर पालन होत असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. आणि अगदी खाली, जिथे आधी घरमालक, पेण असं असायचं, तिथे या वेळी लिहिलं होतं, "प्रत माहितीसाठी : सौ. वहिनी, वरचा मजला."

काकींनी ते बोटाने दाखवलं आणि कागदावर तेलाचा ठसा उमटला. मी तो पुसला नाही. चार वाजून गेले होते, पीठ सुकायला लागलं होतं, म्हणून कागद डब्याखाली सरकवला आणि वरवंटा उचलला.